शाखेतला सर्व्हर आणि सावित्रीचं पाणी

सर्व्हरचा विषय निघाला की पहिला प्रश्न प्रोसेसरचा येतो. किती आहेत, कोणते आहेत, केवढ्या वेगाचे आहेत. टेंडरमध्येही पहिली ओळ तीच. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या बँका, पतसंस्था आणि एमआयडीसीतल्या कंपन्यांची मशीन सांभाळण्यात माझं निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं. एवढ्या काळात प्रोसेसर जळाला म्हणून शाखेचं काम थांबल्याचं मला फारसं आठवत नाही. काम थांबलं ते पॉवर सप्लायमुळे, पंख्यामुळे, ओलीमुळे, आणि आमच्या महाडात तर सरळ पुराच्या पाण्यामुळे. म्हणून इथे लिहितोय ते प्रोसेसरभोवतीच्या डब्याबद्दल, ज्याला आम्ही कॅबिनेट किंवा चेसिस म्हणतो, आणि तो डबा जिथे ठेवला जातो त्या जागेबद्दल.

आज बँकेच्या शाखेत सर्व्हर शोधायला गेलात तर सापडणार नाही. पण नव्वदीच्या शेवटी चित्र वेगळं होतं. रंगराजन समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला. त्यानंतर आधी लेजर पोस्टिंगची मशीन आली, मग एकेक शाखा पूर्ण संगणकावर घ्यायला सुरुवात झाली. बँकांनी ७० टक्के व्यवसाय १ जानेवारी २००१ पर्यंत संगणकावर आणावा, असा केंद्रीय दक्षता आयोगाचा आदेश निघाला आणि सगळ्यांची धावपळ उडाली. त्या धावपळीत कोकणातल्या लहान लहान शाखांतही सर्व्हर पोचले. शाखांना जोडणारी भरवशाची लाइन नव्हती, त्यामुळे प्रत्येक शाखेचा हिशेब त्या शाखेतच राहायचा. एका कोपऱ्यात टॉवरसारखा उभा सर्व्हर, त्यावर एससीओ युनिक्स, मागच्या मल्टिपोर्ट कार्डातून निघालेल्या वायरींचा जुडगा आणि त्या वायरींच्या टोकाला काउंटरवरचे टर्मिनल. खातेदाराची सही सोडली तर शाखेचं सगळं त्या उभ्या डब्यात.

ते डबे दोन प्रोसेसरचे असत. म्हणजे जागा दोघांची, आत बहुधा एकच. पेंटियम टू आणि सुरुवातीचा पेंटियम थ्री हे चौकोनी चिप म्हणून यायचे नाहीत. जाडजूड काळ्या कार्ट्रिजमध्ये बसवलेले यायचे आणि मदरबोर्डवरच्या लांबट स्लॉटमध्ये उभे खोचले जायचे. दुसरा स्लॉट रिकामा असला तरी तो तसाच सोडून चालत नसे. त्यात टर्मिनेटर कार्ड लावावं लागे. दिसायला ते कार्ड अगदी क्षुल्लक, हिरव्या पट्टीवर नुसते बारीक रेझिस्टर. पण दोन्ही स्लॉट एकाच बसवर, म्हणजे सिग्नलच्या सामायिक वाटेवर असत. रिकाम्या टोकावरून सिग्नल उलटून परत आला की मशीन एकतर सुरू होत नसे, नाहीतर सुरू होऊन मध्येच गोठत असे. पोलादपूरच्या एका शाखेत साफसफाई करणाऱ्या कोणीतरी ही पट्टी ‘जास्तीची’ समजून काढून टेबलाच्या खणात ठेवली होती. मशीन रोज दुपारी गोठायचं. मुंबईहून सॉफ्टवेअर बदलण्याची तयारी सुरू झाली होती. खणात स्टेपलरच्या पिनांखाली ती पट्टी मला दिसली आणि मी ती होती तिथे लावली. त्या दिवसानंतर ते मशीन गोठलं नाही.

दुसरा प्रोसेसर घालायचा तर नुसता प्रोसेसर विकत घेऊन भागत नसे. त्याच्या शेजारी त्याचा व्होल्टेज रेग्युलेटर वेगळा लावावा लागे. पहिल्याचा आणि दुसऱ्याचा वेग, कॅश आणि स्टेपिंग जुळावं लागे. कार्ट्रिजच्या अंगावर ‘एसएल’ने सुरू होणारा कोड असायचा, तो वाचूनच मागणी करायची. आणि एवढं सगळं जमवल्यावरही युनिक्सला दुसरा प्रोसेसर दिसावा म्हणून वेगळा परवाना घ्यावा लागे. एका बँकेने आपल्या बऱ्याच शाखांसाठी दोन-दोन प्रोसेसरची मशीन घेतली, परवाना घ्यायचा मात्र राहून गेला. त्या शाखांतला दुसरा प्रोसेसर वर्षानुवर्षं वीज खात आणि गरम होत बसून राहिला. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण काम अडत नव्हतं.

काम अडायचं ते डिस्कवर. सहामाहीला बचत खात्यांचं व्याज लावायची रात्र ज्यांनी शाखेत काढली आहे त्यांना हे माहीत आहे. तेव्हा व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर निघायचं. रोजच्या शिलकीवरचं व्याज १ एप्रिल २०१० पासून आलं. हजारो खात्यांच्या नोंदी उघडायच्या, हिशेब करायचा, परत लिहायच्या. हिशेबाला वेळ लागत नसे, उघडण्या-लिहिण्याला लागे. डिस्कचे हिरवे दिवे अखंड लुकलुकत असत आणि प्रोसेसर त्यांची वाट बघत असे. मॅनेजरसाहेब विचारायचे, “दुसरा प्रोसेसर टाकला तर लवकर आटपेल का हो?” मी सांगायचो, “साहेब, त्या पैशात रॅम वाढवा, आणि कॅश असलेलं रेड कार्ड घ्या.” ज्यांनी ऐकलं ते मध्यरात्रीच्या आत घरी गेले.

डब्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे बॅकप्लेन. समोरून डिस्क आत सरकवतो तेव्हा मागे ज्या पाटीवर ती जाऊन बसते ती. त्या काळच्या स्कझी डिस्कला ८० पिनांचा एकच कनेक्टर असे, त्यातच वीज आणि त्यातच डेटा. चालू मशीनमधून डिस्क काढता-घालता यावी म्हणून त्यातल्या काही पिना जाणून-बुजून लांब ठेवलेल्या असत. डिस्क आत जाताना आधी अर्थिंग जुळतं, मग बाकीचं. ठिणगी नाही, धक्का नाही. तीन डिस्कवर रेड फाइव्ह नावाची मांडणी लावलेली असली की एक डिस्क मेली तरी शाखा चालू राहते. पिवळा दिवा लागतो, इंजिनीअर येतो, खटका दाबून जुनी काढतो, नवी सरकवतो, आणि काउंटरवर पासबुक छापणं थांबतसुद्धा नाही. ज्याने ही रचना केली त्याला शाखेतली रांग ठाऊक असणार, असं मला दर वेळी वाटायचं.

हीच समज आमच्याकडची वीज आणि हवा यांच्यापुढे कमी पडे. पोलादपूरला उन्हाळ्यात व्होल्टेज कधी १६० ला उतरे, कधी २६० च्या वर जाई. मशीनला दोन पॉवर सप्लाय असत, एक गेला तर दुसऱ्याने भार उचलायचा. पण दोघांच्या वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात आणि तो बोर्ड एकाच यूपीएसवर, हे दृश्य मी इतक्या ठिकाणी पाहिलं की आत शिरल्यावर आधी भिंतीकडेच नजर जायची. यूपीएसमध्ये पाल शिरून चिकटली की दोन्ही सप्लाय एकदम गप्प. मग दोन सप्लायचे पैसे कशाला मोजले? एक यूपीएसवर आणि दुसरा स्टॅबिलायझरमार्फत सरळ लाइनवर, किंवा निदान वेगळ्या यूपीएसवर, एवढं केलं तरी निम्मे कॉल कमी व्हायचे.

अर्थिंगची कथा निराळी. पोलादपूर डोंगराच्या कुशीत, खाली कातळ. पावसाळ्यात जमीन ओली असते तोवर अर्थिंग छान मिळतं. एप्रिल-मेमध्ये तो खड्डा कोरडा पडतो आणि न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज चढू लागतं. मल्टिमीटरवर ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. ते वाढलं की टर्मिनल लटकणं, मल्टिपोर्ट कार्ड उडणं, प्रिंटरवर भलतीच अक्षरं उमटणं सुरू. एका शाखेतल्या वयस्कर शिपाईमामांना मी मीटर लावून आधी आणि नंतरचे आकडे दाखवले. तेव्हापासून उन्हाळाभर रोज सकाळी शाखा उघडली की ते आधी देवाच्या तसबिरीला हार घालायचे आणि मग अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायचे. त्या शाखेतलं एकही कार्ड पुन्हा उडालं नाही.

पावसाळ्यात उलट गोष्ट. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, भिंतींना बुरशी, कागदाला लादीसारखा दमटपणा. काटकसर म्हणून शाखा शनिवारी दुपारी सर्व्हर बंद करायच्या. सोमवारी सकाळी थंड बोर्डवर ओल धरलेली, त्यावर वीज सोडली की गेलंच. मी सगळ्यांना सांगायचो की जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मशीन बंद करू नका. आतली ऊबच त्याला कोरडं ठेवते. एमआयडीसीच्या पट्ट्यात रासायनिक कारखान्यांची हवा. तिथे तांब्या-चांदीचे संपर्क काळे पडतात, रॅमच्या पट्ट्या मध्येच दिसेनाशा होतात. पट्टी काढायची, सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसायची, परत बसवायची. वर्षातून दोनदा ठरवून हे केलं तर ‘मेमरी एरर’ नावाची भीती उरत नाही.

आणि झाकण. मशीन तापतंय म्हणून लोक बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. सर्व्हरच्या आत हवेची वाट आखलेली असते: समोरून थंड हवा, डिस्कांमधून, प्लास्टिकच्या बोगद्यातून थेट प्रोसेसरच्या हीटसिंकवर आणि मागून बाहेर. झाकण काढलं की हवा जवळच्या वाटेने पळते आणि प्रोसेसर जास्तच तापतो. रिकाम्या खणांवरची प्लास्टिकची झाकणंही त्याचसाठी असतात. ती फेकू नका, एवढं सांगण्यात माझे कितीतरी कॉल गेले.

२००५ च्या जुलैपर्यंत मी डब्याच्या आतलंच बघत होतो. २५ आणि २६ जुलैच्या पुराने नजर बाहेर आली. जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या, पोलादपूर तालुक्यात कोतवालला कोसळली. गावंच्या गावं शोकात होती. त्या दिवसांत मशीनबद्दल बोलायची लाज वाटायची. पण पाणी ओसरल्यावर लोकांना स्वतःच्याच खात्यातले पैसे हवे होते, ते आजच हवे होते, आणि हिशेब तळमजल्यावरच्या गाळात होता.

महाडच्या बाजारपेठेतल्या एका शाखेतला सर्व्हर मी तेव्हा उघडला. बाजूचं झाकण काढताच आतून चॉकलेटी गाळ ओघळला. पंख्याच्या पात्यांत गवताच्या काड्या. डिस्कच्या सर्वांत वरच्या खणाखाली गाळाची सरळ रेघ, जणू पट्टी ठेवून आखलेली. वरची एक डिस्क कोरडी, खालच्या दोन बुडालेल्या. रेड फाइव्हमध्ये तिनांतली एक गेली तर चालतं. दोन गेल्या की काहीच नाही. हार्ड डिस्कला आतल्या हवेचा दाब सांभाळायला बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत जातंच. शाखेतल्या एकाने त्या उन्हात वाळत घातल्या होत्या. तसं कधीच करू नये. वाळलं की गाळ आतल्या तबकड्यांना चिकटून बसतो. ओली डिस्क ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायची, वीज अजिबात लावायची नाही, पिशवीवर खणाचा नंबर लिहायचा आणि डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवायची.

बॅकअप होता. रोज रात्री डॅट टेपवर घेतला जायचा आणि अग्निरोधक कपाटात ठेवला जायचा. ते कपाट आगीसाठी केलेलं, पाण्यासाठी नव्हे. आणि तेही तळमजल्यावरच. टेपांच्या डब्या उघडल्या तर आत पाणी. ती शाखा वाचली ती दुसऱ्याच गोष्टीने. त्याच बँकेच्या पोलादपूर शाखेशी आम्ही आधीच एक अदलाबदल ठरवली होती: महाडची आठवड्याची टेप पोलादपूरला, पोलादपूरची महाडला. रोकड घेऊन जाणाऱ्या गाडीतूनच टेप जायची, त्यामुळे वेगळा खर्च नाही. शुक्रवारी गेलेली टेप पोलादपूरच्या कपाटात कोरडी ठणठणीत होती. रस्ता मोकळा झाल्यावर ती आली, नव्या मशीनवर चढवली, आणि मधल्या दोन-तीन दिवसांच्या नोंदी कागदी स्लिपांवरून हाताने घातल्या. काउंटर सुरू झाला तेव्हा पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे मला अजून आठवतात.

पुढे कोअर बँकिंग आलं. शाखेचा हिशेब नवी मुंबईसारख्या ठिकाणच्या डेटा सेंटरमध्ये गेला, शाखेत राउटर, स्विच आणि साधे पीसी उरले. पुराच्या दृष्टीने हे उत्तमच झालं. मात्र महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या खोदकामात केबल तुटली की सगळी शाखा हात बांधून बसायची, हेही तितकंच खरं. पतसंस्था, कारखान्यांची कार्यालयं, दवाखाने यांच्याकडे मात्र स्वतःचा सर्व्हर अजून असतो. २०१३ मध्ये डेलने शाखा कार्यालयांसाठी म्हणून व्हीआरटीएक्स नावाचा डबा काढला. एकाच चेसिसमध्ये चार सर्व्हर, प्रत्येकात दोन प्रोसेसरची जागा, चौघांना मिळून सामायिक डिस्क, आतच नेटवर्क स्विच आणि चार पॉवर सप्लाय. एमआयडीसीतल्या एका कार्यालयात तो बसवताना मला मनापासून कौतुक वाटलं. सगळं शाखेचा विचार करून केलेलं: आवाज कमी, साध्या वीजजोडणीवर चालणारा, टॉवरसारखा उभाही राहतो. फक्त भरल्यावर वजन सत्तर किलोच्या आसपास.

ते वजन मी त्या दिवशीच डोक्यात नोंदवून ठेवलं. महाडात सावित्री नदीची धोका पातळी साडेसहा मीटरची. नगरपालिकेचा भोंगा वाजला की व्यापारी माल माळ्यावर चढवायला लागतात. सुकट गल्ली, भोईघाट, दस्तुरी नाका इथल्या पोरासोरांनाही ते काम शिकवावं लागत नाही. पण मध्यरात्री अंधारात सत्तर किलोचा डबा जिन्यावरून कोण नेणार? डिस्क मात्र कोणीही नेऊ शकतो. म्हणून मी ज्या ज्या तळमजल्यावर सर्व्हर होता तिथे डिस्कच्या ट्रेवर मार्करने मोठे आकडे घातले, डब्यावर तेच आकडे घातले, आणि राखणदारापासून कॅशियरपर्यंत सगळ्यांना शिकवलं: आधी नीट शटडाउन, दिवे विझू देत, मग वायर काढा, खटका दाबा, ट्रे ओढा, एकेक टॉवेलात गुंडाळा, पिशवी वर न्या. डिस्क फिरत असताना ओढू नका. बस्स.

२२ जुलै २०२१ ला महाड बुडालं. वीज गेली, मोबाइल गेले. तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. त्या रात्री बाजारपेठेतल्या एका पतसंस्थेच्या राखणदाराने, यूपीएसवर मशीन जिवंत होतं तेवढ्या वेळात, शिकवल्याप्रमाणे सगळं केलं आणि डिस्कची पिशवी वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात नेऊन ठेवली. सकाळी सर्व्हर पूर्ण पाण्याखाली होता. पाणी उतरल्यावर मी त्याच जातीच्या रेड कंट्रोलरचा दुसरा डबा मिळवला, आकड्यांप्रमाणे ट्रे सरकवले. रेडची मांडणी डिस्कवरही लिहिलेली असते. कंट्रोलरने ‘परकी मांडणी सापडली, आयात करायची का’ असं विचारलं. मी ‘होय’ दाबलं. सगळी खाती जशीच्या तशी उभी राहिली. चेसिस, बोर्ड, दोन्ही प्रोसेसर भंगारात गेले. त्यांचं मला काही वाटलं नाही.

करारात ‘चार तासांत इंजिनीअर, दुसऱ्या दिवशी पार्ट’ असं लिहिलेलं असतं. लिहिणारा मुंबईत असतो, आणि मुंबईहून महाड पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल माणसांसकट वाहून गेला. घाटात दरड येते, वरंधा बंद होतो, आंबेनळी बंद होतो. एक पॉवर सप्लाय, एक पंखा आणि त्याच क्षमतेची एक डिस्क महाडात स्वतःच्या कपाटात असणं, याला माझ्या मते कुठल्याही कराराहून जास्त किंमत आहे.

तुमच्या पतसंस्थेत, कारखान्यात, दवाखान्यात नवा सर्व्हर येणार असेल तर कोटेशनवर सही करण्याआधी शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा, २०२१ ला पाणी भिंतीवर कुठवर होतं. जमेल तर मशीन वरच्या मजल्यावर न्या. नसेल जमत तर रॅकचे बोल्ट त्या खुणेच्या वर मारा. दोन सप्लाय दोन वेगळ्या जागी लावा, डिस्कवर आकडे लिहा, बॅकअप गावाबाहेर ठेवा. एवढं झाल्यावर पैसे उरले तर दुसरा प्रोसेसर खुशाल घ्या.